एक जोडणी, दोन मजले: राउटरच्या नोंदी

१ नोव्हेंबर, शनिवार

वही उघडायला दादा कारणीभूत. गेल्या महिन्यात ‘नेट स्लो आहे’ म्हणून त्याने तीनदा सेटिंगमध्ये हात घातला. काय बदललं ते आता त्यालाही आठवत नाही. यापुढे मी जे करीन ते इथे लिहीन, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलीन.

आजची स्थिती अशी. फायबरची तार दर्शनी खोलीत दारावरच्या भोकातून आत येते आणि तिथेच भिंतीवर कंपनीचा डबा आहे. फायबरमधला प्रकाश विजेच्या सिग्नलमध्ये बदलणं, घराला पत्ते वाटणं, वायफाय देणं, सगळं हा एकच डबा करतो. घर मात्र दोन मजली, आणि दादा-वहिनीची खोली वर, मागच्या टोकाला.

मोजमाप घेतलं. लॅपटॉप केबलने थेट डब्याला लावून: उतरता १९६ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट), चढता ३९. जोडणी २०० आणि ४० ची आहे, म्हणजे चोख. वायफायवर दर्शनी खोलीत १७०, स्वयंपाकघरात ६०, वरच्या मागच्या खोलीत ६, आणि तिथलं दार लावलं की ३. लाइन ठणठणीत आहे, रोग घरात आहे. कंपनीला फोन करून भांडण्याचा बेत रद्द.

दादाची शंका: “२०० ची लाइन आहे, मग फाइल उतरताना २४ च का दिसतात?” कारण कंपनी बिट मोजते आणि कॉम्प्युटर बाइट. ८ बिटांचा एक बाइट. २०० ला ८ ने भागलं की २५. त्याला हे पटलेलं नाही, पण तो गप्प बसला आहे.

डब्याच्या आत लॉगिन करून पाहिलं. येणाऱ्या प्रकाशाची ताकद उणे १९ डीबीएम. उणे २७ च्या आसपास गेली की जोडणी धापा टाकायला लागते, तेव्हा हे छान आहे. फायबरला मी हात लावणार नाही. काचेची तार, तीव्र वाकवली की प्रकाश गळतो. आणि तिच्या टोकात डोकावू नये, कारण आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही. सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला. घरातली नेटवर चालणारी उपकरणं मोजली: १७.

२ नोव्हेंबर, रविवार

नवा राउटर आणला होता तो लावला. खोक्यावरचं चित्र सोपं होतं: कंपनीच्या डब्यातून केबल काढा, राउटरच्या वेगळ्या रंगाच्या ‘वॅन’, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या, पोर्टमध्ये घाला. घातली. राउटर चालू झाला, वायफायचं नाव दिसलं, फोन जोडला, आणि नेट नाही. सेटिंग उघडायला १९२.१६८.१.१ टाइप केलं तर कधी कंपनीच्या डब्याचं पान, कधी नव्याचं, कधी काहीच नाही.

अर्धा तास गेल्यावर उमगलं की दोघांचाही पत्ता तोच आहे. राउटरचं काम दोन नेटवर्कांच्या मधे उभं राहायचं. त्याच्या एका हाताला १९२.१६८.१ ची आळी आणि दुसऱ्या हातालाही तीच आळी, तर पाकीट, म्हणजे नेटवरून जाणारा माहितीचा तुकडा, कुठल्या हाताला द्यायचं हे त्याला कसं कळणार? काही राउटर हे ओळखून आपला पत्ता आपणहून बदलतात. याने बदलला नाही. लॅपटॉप फक्त नव्या राउटरला जोडून त्याचा घरातला पत्ता १९२.१६८.५०.१ केला. राउटर पुन्हा सुरू झाला आणि नेट आलं.

आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. वहिनीच्या फोनवरून प्रिंटर गायब. फोन नव्या राउटरवर, प्रिंटर जुन्या डब्याच्या वायफायवर. गंमत अशी की प्रिंटरचा आकडी पत्ता हाताने टाकला तर कागद निघतो, फक्त यादीत तो दिसत नाही. फोन प्रिंटरला शोधतो ते “इथे कोणी प्रिंटर आहे का?” अशी आपल्या आळीत हाक मारून, आणि ती हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. टीव्हीवर फोनमधलं काही दाखवायचं तेही याच कारणाने बंद.

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस विचार केला. सध्या घरात दोन कारभारी झाले आहेत. पत्ते दोघेही वाटतात, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता आधी एक बदलतो, मग दुसरा.

पत्ता बदलण्याची ही भानगड मुळात का आहे, ते बाबांना सांगावं लागलं, म्हणून इथेही टिपते. जुन्या पद्धतीचा इंटरनेट पत्ता ३२ बिटांचा. त्यातून फार तर ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होतात, आणि जगात उपकरणं त्याहून कितीतरी जास्त. म्हणून १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने तीन पट्टे खासगी वापरासाठी बाजूला ठेवले: १० ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ चा. हे पत्ते कुणीही आपल्या घरात वापरावेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. घरातून पाकीट बाहेर निघालं की राउटर त्यावरचा घरचा पत्ता पुसून स्वतःचा बाहेरचा पत्ता लिहितो, आणि कुणाचं पाकीट होतं ते आपल्या वहीत मांडून ठेवतो. उत्तर आलं की वही बघून ज्याचं त्याला देतो. एका जोडणीवर १७ उपकरणं चालतात ती या वहीच्या जोरावर. बाबा म्हणाले, “म्हणजे वाड्याच्या दारातली एकच पत्रपेटी.” माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

मग कंपनीच्या डब्यावर बाहेरचा पत्ता पाहिला तर तो १०० ने सुरू होणारा, पुढचा आकडा ७२. हसू आलं. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांसाठी राखला. म्हणजे कंपनीच्या तिकडेही एक मोठी वही आहे, आणि आम्ही व आमच्यासारखे अनेक ग्राहक मिळून एक खरा पत्ता वापरतो. माझी पाकिटं आत्ता तीनदा पत्ता बदलून बाहेर पडताहेत.

याचा एक तोटा. फाटकावरचा कॅमेरा बाहेरून थेट पाहायला दादाने जे ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ केलं होतं ते कधीच चाललं नसणार. त्याने डब्याचं दार उघडलं, पण कंपनीच्या मोठ्या दाराची किल्ली आपल्याकडे नाही. ते सेटिंग काढून टाकलं. कॅमेरा त्याच्या ॲपमधून दिसतो, तेवढं पुरे.

कारभारी एकच ठेवायचा तर दोन वाटा. नव्या राउटरला नुसता वायफाय पसरवणारा, म्हणजे ‘ॲक्सेस पॉइंट’ करायचा; किंवा कंपनीच्या डब्याला ‘ब्रिज’ करून फक्त प्रकाशाचा दुभाषी ठेवायचा आणि बाकी सगळं नव्या राउटरने करायचं. पहिली वाट सोपी, पाच मिनिटांची. मी दुसरी घेते आहे. कंपनीच्या डब्यात अर्धी सेटिंग कुलूपबंद आहेत आणि उरलेली त्यांचं अपडेट आलं की आपोआप मूळपदावर जातात, हे दोनदा अनुभवलं आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

केबलचा दिवस. डबा दारापाशीच राहील, राउटर जिन्याच्या मधल्या टप्प्यावर जाईल, घराच्या साधारण मध्यावर. तिथवर १८ मीटर. तिथून वर मागच्या खोलीपर्यंत आणखी ११. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, म्हणजे काळजी नाही. विजेच्या तारांना खेटून न नेता हातभर अंतर ठेवलं. दादाने भिंतीवर क्लिपा ठोकल्या, भाच्याने त्या मोजल्या.

टोकांना जॅक मी बसवले. क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम तोंडपाठ करण्यात लाज नाही, पण मी केबलच्याच टाकाऊ तुकड्यावर नमुना करून समोर ठेवला.

मोजलं तर ९४ एमबीपीएस. पुन्हा ९४. तिसऱ्यांदा ९४.

९ नोव्हेंबर, रविवार

९४ हा आकडा योगायोगाचा नव्हता. राउटरच्या पानावर त्या पोर्टपुढे ‘१००’ लिहिलेलं, ‘१०००’ हवं होतं. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० च्या वेगाला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. एखादी जोडी तुटकी असेल तर दोन्ही टोकं आपसात ठरवून गुपचूप १०० वर येतात. कुठेही तक्रार नाही, लाल दिवा नाही. आणि १०० मधून पाकिटांच्या वेष्टणाचा खर्च वजा जाता हाती साधारण ९४ उरतात.

जॅक उजेडात धरून पाहिला. आठवी, तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती, केसभर आखूड. जॅक कापला, नवा बसवला. या वेळी दाबण्याआधी आठही तारांची टोकं समोरच्या पारदर्शक भिंतीला टेकलेली पाहून घेतली. १९५.

दोन तास एका केसभर तारेत गेले. पण इथून पुढे कुणी ९४ म्हणालं की मी आधी केबल बघणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ब्रिज. कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने आधी डबा बंद करून चालू करायला लावला, तो करेपर्यंत थांबली, मग म्हणाली, “मॅडम, ब्रिज केल्यावर वायफायची तक्रार आमच्याकडे घेतली जाणार नाही.” चालेल म्हटलं. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड मागून घेतले. आमच्याकडची जोडणी ‘पीपीपीओई’ पद्धतीची, म्हणजे राउटरने आधी नाव-पासवर्ड सांगायचा, मग दार उघडतं. हे ब्रिज करण्याआधी मागावं. नंतर नेटच नसतं आणि नाव त्यांच्या ॲपमध्ये असतं.

वीस मिनिटांनी डबा ब्रिज झाला. राउटरमध्ये नाव-पासवर्ड घातला. नाकारला. पुन्हा घातला, एकेक अक्षर मोठ्याने वाचत. नाकारला. पुन्हा फोन. कारण निघालं ते वेगळंच: कंपनीने आमचं खातं जुन्या डब्याच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्याच्या कारखान्यातल्या क्रमांकाला, बांधून ठेवलं होतं. नव्या राउटरला तो जुना क्रमांक उसना देता येतो, तसा पर्याय सेटिंगमध्ये आहेही, पण मी गाठच सोडवून घेतली. उसन्या ओळखीवर चाललेलं घर मला नको. दोन मिनिटांत जोडणी आली.

पाकिटाचा कमाल आकार राउटरने स्वतःच १४९२ धरला. नेहमीच्या १५०० मधून पीपीपीओईचे ८ बाइट गेले. हात लावला नाही.

घरातल्या घरात पत्ता आता एकदाच बदलतो. प्रिंटर नव्या वायफायवर घेतला, वहिनीच्या यादीत परत आला.

१५ नोव्हेंबर, शनिवार, रात्री उशिरा

आज सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

वरच्या खोलीसाठी माळ्यावरचा जुना राउटर काढला. ॲक्सेस पॉइंटची तयार कळ त्यात नाही, म्हणून सगळं हाताने करायचं होतं. त्याचा पत्ता मुख्य राउटरच्या आळीतला पण मोकळा, १९२.१६८.५०.२, असा द्यायचा. त्याचं पत्तेवाटप, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं. आणि मुख्य राउटरकडून आलेली केबल वॅनऐवजी साध्या लॅन, म्हणजे घराच्या बाजूच्या, पोर्टमध्ये लावायची. तिन्ही गोष्टी मला माहीत होत्या. फक्त केबल आधी लावली, म्हटलं बाकीचं खोलीत बसून निवांत करू. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि मी विसरले.

तासाभराने खालून आई: “अगं, नेट गेलंय का?” मग बाबांचा टीव्ही. मग दादा. माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं सुरळीत, त्यामुळे मी वरून ओरडले, “तुमच्याकडेच काहीतरी असेल!” हे वाक्य मला बरेच दिवस ऐकवलं जाणार.

आईच्या फोनवर पाहिलं: जोडलेला आहे, इंटरनेट नाही. पत्ता १९२.१६८.०.१०४. शून्याची आळी आपली नाहीच! ती जुन्या राउटरची.

झालं असं. उपकरण नेटवर्कवर आलं की हाक देतं, “मला पत्ता कोण देईल?” मग देणारा प्रस्ताव ठेवतो, उपकरण तो मागून घेतं, देणारा शिक्कामोर्तब करतो. घरात देणारा एकच असेल असं सगळे गृहीत धरतात. दोन असले तर बहुधा ज्याचा प्रस्ताव आधी पोचला तो जिंकतो. जुना राउटर पत्ते देत होता आणि सोबत “बाहेर जायचं तर माझ्याकडून जा” असंही सांगत होता. त्याच्या मागे मात्र बाहेर जायला रस्ताच नव्हता. माझ्या लॅपटॉपकडे सकाळचा, खरा पत्ता होता, म्हणून मी राजासारखी बसले होते.

एका म्यानात दोन तलवारी ही म्हण कुणी राउटरवरून केली नसेल, पण चपखल बसते. नव्या राउटरला कारभारी करायला आठवडा घातला आणि माळ्यावरून उतरवलेल्या म्हाताऱ्याने तासाभरात घर ताब्यात घेतलं.

इलाज: केबल उपटली. लॅपटॉप एकट्या जुन्या राउटरला जोडला, पत्तेवाटप बंद केलं, पत्ता ५०.२ केला, मग केबल परत, लॅन पोर्टमध्येच. तरी टीव्ही आणि दोन फोन रुसलेले, कारण मिळालेला पत्ता २४ तासांच्या मुदतीचा होता आणि ते तो धरून बसले होते. फोनचं वायफाय बंद-चालू केलं, टीव्हीचा प्लग काढून लावला.

वरच्या मागच्या खोलीत दार लावून १४२.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला. फिरताना फोन आपोआप जवळच्याकडे जातो म्हणतात. दादाचा जात नाही. खालच्या राउटरची २.४ गिगाहर्ट्झची रेंज वरपर्यंत पुसट येते आणि फोन तिलाच चिकटून राहतो. कुणाला धरायचं, कधी सोडायचं, हा निर्णय फोनचा असतो. लोक अशा वेळी राउटरची ताकद वाढवतात. मी खालच्याची कमी केली. राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी फोनचं उत्तर बारीक आवाजातच येतं. नुसतं ऐकू येऊन उपयोग नाही. ताकद मध्यमवर आणल्यावर दादाचा फोन जिना चढता चढता वरच्याकडे जातो.

चॅनेल: २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. खाली १, वर ११. सहावर शेजारपाजारची गर्दी. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात गुरगुरतो. ५ गिगाहर्ट्झला खाली ३६ वर ठेवलं, वर १०० देऊन पाहिलं तर राउटर सुरू झाल्यावर मिनिटभर वायफायच दिसेना. बिघाड नाही. त्या चॅनेलांवर रडारचा पहिला हक्क, म्हणून राउटरला आधी ६० सेकंद कान देऊन ऐकावं लागतं. आईला दर वेळी हे समजावण्यापेक्षा वर ४४ दिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कुलपं-किल्ल्या. हे खरं तर पहिल्या दिवशी करायचं.

राउटरच्या आत शिरायचा मूळ पासवर्ड बदलला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने लाखो कॅमेरे आणि राउटर काबीज केले ते कारखान्यातून आलेले नाव-पासवर्ड एकामागून एक घालून पाहत. बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, ताजं केलं. जुन्या राउटरसाठी नवं काही येत नाही; तो घराच्या आतच आहे म्हणून तूर्त चालवून घेते.

कळ दाबून किंवा पिन घालून जोडायचं ‘डब्ल्यूपीएस’ बंद. पिन आठ अंकी, म्हणजे कोट्यवधी शक्यता वाटतात. पण राउटर तिचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा अंक नुसता ताळ्याचा असतो. म्हणून उरतात १०,००० अधिक १,०००. अकरा हजार प्रयत्न कॉम्प्युटरला काहीच नाहीत. ही उणीव २०११ च्या डिसेंबरात जाहीर झाली, तरी कळ अजून खोक्यावर दिमाखात असते.

नव्या राउटरवर डब्ल्यूपीए ३, म्हणजे वायफायच्या कुलपाची नवी पद्धत, लावलं तर प्रिंटर जोडेना. दोन आणि तीन मिश्र ठेवलं, प्रिंटर खूश.

पाहुण्यांचं वायफाय वेगळं केलं, त्यावरून घरातलं काही दिसत नाही. फाटकावरचा कॅमेराही तिकडेच टाकला. तो पाहुणाच.

२३ नोव्हेंबर, रविवार

एक जुनं कोडं सुटलं. रोज रात्री नऊच्या सुमारास माझ्या मीटिंगमध्ये आवाज तुटायचा, स्पीड मात्र उत्तम दाखवायचा. काल पिंग, म्हणजे पाकीट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, मोजत बसले. एरवी ९ मिलिसेकंद, आणि नऊला एकदम ४८०. दादाचा फोन चार्जिंगला लागला की दिवसभराचे फोटो वर चढवायला घेतो. ४० ची चढती वाट भरते, मागची पाकिटं राउटरच्या पुढे रांगेत साचतात आणि माझा आवाज त्या रांगेच्या शेपटीला. याला बफरब्लोट म्हणतात, नाव जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास दिलेलं.

उपाय उलटा वाटतो: वेग मुद्दाम कमी करायचा. राउटरमध्ये चढती मर्यादा ३६ आणि उतरती १८५ घातली, आणि रांग लावण्याची पद्धत ‘एफक्यू-कोडेल’ निवडली. आता रांग माझ्या राउटरमध्येच लागते आणि तो सगळ्यांना आळीपाळीने पुढे सोडतो. फोटो चढत असताना पिंग २२ च्या वर गेलं नाही. दादाला फोटो हळू चढल्याचं कळलंच नाही. महिनाभरात सगळ्यात जास्त फरक या एका सेटिंगने पडला, आणि ते सगळ्यात आतल्या पानावर होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

फुटकळ कामं. प्रिंटरला कायमचा पत्ता राखून दिला, ५०.२०.

उपकरणांच्या यादीत १७ च्या जागी २४ दिसली तेव्हा पोटात गोळा आला. कोणी शिरलंय की काय? नंतर पाहिलं तर जादा सातांच्या मॅक पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए नाहीतर ई, म्हणजे बनावट पत्ते, आणि तेही आपल्याच फोनांचे. अलीकडचे फोन माग लागू नये म्हणून प्रत्येक वायफायला वेगळा पत्ता सांगतात. मी महिनाभर वायफायची नावं बदलत होते, त्याची ही भुतं. यादी साफ केली, १७ वर आली.

लाइट गेल्यावर नेट टिकावं म्हणून छोटी बॅटरी लावायची होती. डबा आणि मुख्य राउटर दोन्ही १२ व्होल्टचे, त्यांना लावली. फक्त राउटरला लावून उपयोग नसतो, डबाही जागा राहावा लागतो. वरचा म्हातारा ९ व्होल्टचा, पण पिन तीच बसते. त्याच्या वायरीला लाल पट्टी गुंडाळून ‘९’ लिहिलं.

कागदावर चित्र काढलं: डबा, राउटर, म्हातारा, तिघांचे पत्ते, कुठली केबल कुठे. मीटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. दादाने खाली पेन्सिलने भर घातली: ‘तुमच्याकडेच काहीतरी असेल.’

गच्चीत रेंज अजून येत नाही. तिथे केबल नेणार नाही.